डाव्या कानाचा कागद

आमच्या घरात एकाच माणसाला कुणी नावाने हाक मारत नाही. माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात. आई म्हणते, बाबा म्हणतात, खालच्या मजल्यावरचा शिंपीसुद्धा म्हणतो. आणि हे नाव काही लायसन्स मिळाल्यावर पडलेलं नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चार वर्षांचा असताना हा त्यांच्याबरोबर कामावर गेला. सतराव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बघून कार्टं म्हणालं, “अजून वर न्या ना.” बाबांनी घरी येऊन ते सांगितलं आणि झालं, पायलट तो पायलटच.

मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी कान तपासते. डॉक्टर नाही हो, आधीच सांगते, लोक उगाच औषध विचारत मागे लागतात. कानाच्या दवाखान्यात कपाटाएवढी एक खोली असते, बाहेरचा आवाज आत न येणारी. पेशंट आत बसतो, डोक्याला हेडफोन, हातात एक बटण. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी मी. मी एकेक बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा. जिथे ऐकू येणं थांबतं तिथे यंत्र कागदावर खूण करतं, कान जितका चांगला तितकी खूण वर. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. पंधरा वर्षं मी हेच करतेय.

तुम्हाला वाटेल यात फसवण्यासारखं काय आहे? अहो, रोज फसवतात. काही काही म्हातारे तर असे बिलंदर! बहिरे झालोय हे कबूल करायचं नसतं. मग ते काचेतून माझ्या कोपराकडे बघत बसतात. मी बटण फिरवलं की कोपर हलतं, कोपर हललं की यांनी दाबलं. वर पुन्हा साळसूद चेहरा. मग मीही काही कमी नाही. आवाज न सोडता नुसतंच कोपर हलवते. दाबलं बटण! सापडला चोर. ही गंमत मी घरी जेवताना सांगायचे आणि पायलट पोट धरधरून हसायचा. त्याला ती सांगितली नसती तर बरं झालं असतं, पण ते पुढे.

अठरा वर्षांचा असताना त्याची पहिली वैद्यकीय तपासणी होती. त्याआधी सराव म्हणून मीच त्याला त्या खोलीत बसवलं. असे कान मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाहीत. सगळे गोल, सगळ्या फुल्या कागदाच्या वरच्या रेघेला चिकटलेल्या. आईने तो कागद मार्कशीट असावी तसा फ्रिजवर लावला. बाबा म्हणाले, “चला, काहीतरी वरच्या नंबरात आलं पोराचं.”

पुढे विमान शिकायला किती लागले तो आकडा मी सांगणार नाही. सांगितला की माझंच डोकं फिरतं. एवढंच सांगते, बाबांचं लिफ्टच्या सुट्या भागांचं दुकान होतं ते गेलं. चौसष्टाव्या वर्षी बाबा दुसऱ्याच्या हाताखाली पाना-पक्कड घेऊन कामाला लागले. माझंही होतं-नव्हतं ते गेलं. कुरकुर कुणी केली नाही. मी केली थोडी, पण मी तर पाणी गरम आहे म्हणूनही कुरकुरते.

लायसन्स आलं. नोकरी काही येईना. कंपन्या म्हणायच्या, नुसतं लायसन्स काय कामाचं, आमच्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घेऊन या, तुमच्या खर्चाने. घेतलं. मग म्हणाल्या, त्या विमानावरचे पाचशे तास हवेत. आता नोकरीच नाही तर पाचशे तास उडवायचं कुठे? विमान काय आमच्या गच्चीत उभं होतं? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, म्हटलं. तीन वर्षं अशीच गेली.

मग एका विमान कंपनीची योजना निघाली. तुम्ही पैसे भरायचे. त्यांच्या खऱ्याखुऱ्या विमानात, मागे खरेखुरे प्रवासी बसलेले असताना, कॅप्टनच्या उजव्या हाताच्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसायचं. आठ महिन्यांत पाचशे तास. पगार शून्य. पाचशे भरले की कामगिरी बघून नोकरीचा विचार.

“म्हणजे नोकरी करायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे?” मी भडकलेच. “उद्या मी पण डॉक्टरांना पैसे चारते आणि मग लोकांचे कान तपासते!”

“ताई, सगळे असंच करतात गं.”

“सगळे विहिरीत उड्या मारतील.”

बाबा तिथेच बसून ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे तोही तिकीट काढूनच बसणार. फक्त सीट पुढची.”

पायलट हसला. बाबा हसले नव्हते. दोन आठवड्यांनी तो बॅग घेऊन गेला.

तिकडे एका खोलीत चौघं राहायचे, चौघेही पैसे भरून आलेले. कंपनीने एकेका खुर्चीमागे तीन-तीन गिऱ्हाईकं घेऊन ठेवली होती. कुणाला कधी उडायचं ते एक बाई ठरवायची, तिचा फोन आला की पळायचं. एखादा आजारी पडला की त्याचे तास दुसऱ्याला. बाकीचे तोंडाने ‘अरेरे’ म्हणायचे आणि बूट घालायला लागायचे. करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की आजारपणाचे दिवस वाढवून मिळणार नाहीत. आठ महिने संपले, तास उरले, तर उरलेले गेले. पैसे भरलेले असले तरी गेले.

घरी आमचंही तासांवरच चालायला लागलं. तो रोज फोन करायचा. आई ‘जेवलास का’ विचारायची नाही, ‘किती झाले?’ विचारायची. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायची. एक्केचाळीस. त्र्याण्णव. एकशे सत्तर. भाजीवालीलाही सांगायची, “दोनशेच्या वर गेला हं आमचा पायलट.” तिला काय डोंबल कळणार, पण ती बिचारी मान डोलवायची.

कॅलेंडरवर दोनशे चौऱ्याण्णव होते त्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी घरातून निघत होते, तेवढ्यात फोन.

“ताई, नाक चोंदलंय गं. डोकं जड झालंय.”

“ताप आहे का?”

“नाही. पण आज चार फेऱ्या आहेत. सात तास.”

इथे थोडं थांबून सांगते. आमच्या दवाखान्यात, मी बसते तिथे भिंतीवर एक पाटी आहे. सर्दी असताना विमानप्रवास टाळा, कानाला इजा होऊ शकते. ती पाटी माझ्या हाताने लिहिलेली आहे. नाक आणि कान आतून एका नळीने जोडलेले असतात. सर्दीने ती नळी बंद झाली आणि विमान खाली यायला लागलं की बाहेरचा दाब वाढतो आणि आतला अडकतो. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. न ऐकणाऱ्यांवर खेकसते. आणि पायलट लोकांना तर हे पहिल्या वर्गापासून शिकवतात, सर्दी असेल तर घरी बस. आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

आणि मी माझ्या सख्ख्या भावाला काय सांगितलं?

“दोन-दोन थेंब टाक नाकात, मोकळं होईल. उतरताना गिळत राहा, जांभया दे. जा.”

जा, म्हणाले मी. सात तास होते ना! दोनशे चौऱ्याण्णव आणि सात, तीनशे एक. आई तीनशे झाले की गोडाचं करणार होती. समोर कॅलेंडर होतं आणि मीही, इतकी वर्षं कान तपासणारी बाई, त्या आकड्याकडे बघून बोलले. माझ्या जिभेला तेव्हा काटा का टोचला नाही कोण जाणे.

पहिल्या तीन फेऱ्या नीट झाल्या. थेंबांचा असर असतो तोवर असतो. चौथ्या फेरीला उतरताना त्याच्या डाव्या कानात कळ आली. तो गिळत राहिला, जांभया देत राहिला, काही उपयोग झाला नाही. मग आत काहीतरी फाटलं आणि सगळं गरगर फिरायला लागलं. विमान कॅप्टन उतरवत होते. याचं काम होतं समोरचे आकडे मोठ्याने वाचून सांगायचं. त्याला ते दिसतच नव्हते, नाचत होते. मग त्याने काय केलं? नेहमी जे आकडे असतात ते पाठ होते, ते म्हटले. विमान टेकलं. कॅप्टन म्हणाले, छान. मागे एकशे ऐंशी माणसं बसली होती, ती आपापल्या पिशव्या काढायला लागली.

हे त्याने मला खूप नंतर सांगितलं. तेव्हा फोनवर फक्त एवढंच म्हणाला, “कान जरा बंद झालाय.”

“चक्कर येतेय का?”

“थोडीशी.”

अहो, ‘चक्कर’ म्हटल्यावर माझ्यासारखीने असेल त्या गाडीने तिकडे जायला हवं होतं. आतल्या कानाला मार बसला तर पहिले काही दिवसच हातात असतात, नंतर देवही काही करू शकत नाही, हे मी डॉक्टरांच्या तोंडून हजारदा ऐकलंय. पण तो डॉक्टरकडे गेला असता तर लायसन्स त्याच मिनिटाला थांबलं असतं, आणि तास दुसऱ्या तिघांच्या घशात. मी म्हणाले, “उघडेल आठ दिवसांत. पडून राहा.”

त्याने आजी गेल्याचं सांगून सुट्टी घेतली. दुखवट्याची रजा आजारपणात धरत नव्हते. आमची आजी पंधरा वर्षांपूर्वीच गेली होती, तिला बिचारीला नातवासाठी पुन्हा एकदा जावं लागलं. चार दिवस तो भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचा. पाचव्या दिवशी चक्कर कमी झाली आणि सहाव्या दिवशी तो उडाला.

त्यानंतर सत्त्याऐंशी तास तो तसाच उडत होता. कॅप्टन डावीकडे बसतात, सहवैमानिक उजवीकडे. बरेच जण डावा कान हेडफोनमधून मोकळा ठेवतात, शेजारचा कॅप्टन काय बोलतो ते थेट ऐकू यावं म्हणून. याचा तोच कान गेलेला. हा उजव्या कानातला आवाज वाढवून बसायचा. मला म्हणायचा, “सुधारतंय ताई, खूप सुधारतंय.” मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

तीनशे अठ्ठ्याऐंशी तास झाले आणि त्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी आली. तो घरी आला. आईने दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. वाळला होता. चालताना उगाच भिंतीच्या कडेकडेने चालत होता. मी बघितलं आणि त्याची बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात आला. एक ते तीन आमचा दवाखाना बंद असतो. डॉक्टर जेवायला घरी जातात.

“कानांचा कागद बाहेरचा चालतो,” तो म्हणाला. “मान्य दवाखान्याचा असला की झालं. तुमचा आहे मान्य.”

“माहीत आहे मला.”

“तू टेस्ट घे ना. खोटं लिही असं नाही म्हणत मी. नीट घे, काय येईल ते येईल.”

आमचे डॉक्टर देवमाणूस आहेत, पण माझ्या कागदाकडे त्यांनी कित्येक वर्षांत दुसऱ्यांदा बघितलेलं नाही. मी ठेवायचा, ते शिक्का मारतात. म्हणजे जे काय होतं ते माझ्याच हातात होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. एकशे बारा तास उरले होते. कागद बरा आला तर ते तास, मग कदाचित नोकरी. वाईट आला तर पुन्हा विमानाच्या पुढच्या खुर्चीत कधीच बसायचं नाही.

त्याला खोलीत बसवलं. दार लावलं. उजवा कान आधी घेतला. लाल गोल वर, अगदी अठराव्या वर्षी होते तसे. मग डावा. पहिला आवाज सोडला, त्याने बटण दाबलं. कमी केला, दाबलं. आणखी कमी, दाबलं. अगं बाई! माझा जीव भांड्यात पडला. भराभर सगळी टेस्ट घेतली. यंत्राने कागद काढला. निळ्या फुल्या सगळ्या वरच्या रेघेला.

तो काचेतून बघत होता. मी कागद वर धरून दाखवला. दोघंही हसलो. मला तर रडू येत होतं. मी मनात फ्रिजवरचा तो जुना कागद काढून हा लावलासुद्धा.

मग सवयीने कागद खाली धरून पुन्हा बघितला. आमच्या धंद्याची सवय. आणि मला दिसलं की डावा कान उजव्याहून चांगला आला होता. अगदी सर्वात बारीक आवाजालासुद्धा चूक नाही, उशीर नाही. इतका चांगला कान नसतो हो कुणाचा. मार खाल्लेला तर नसतोच नसतो.

मी पुन्हा बसले. त्याला खूण केली, एकदा परत. आवाज न सोडता नुसतंच कोपर हलवलं.

त्याने बटण दाबलं.

पुन्हा हलवलं. पुन्हा दाबलं. साळसूद चेहरा, अगदी त्या म्हाताऱ्यांसारखा. जेवताना सांगितलेली माझीच गंमत तो माझ्यावर चालवत होता.

मला राग यायला हवा होता. एरवी मी चमचा पडला तरी चिडते. पण राग आलाच नाही. मी टेबलावरची जाड फाइल उचलली आणि माझ्या हातापुढे उभी केली. आता त्याला माझा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हता. एका कानाची तपासणी करताना चांगला कान मदतीला येऊ नये म्हणून त्यात खरखर सोडतात, ती उजव्या कानात सोडली. आणि डाव्या कानात आवाज द्यायला सुरुवात केली.

चेहरा दगडासारखा ठेवला. आवाज वाढवला. तो माझ्याकडे बघत होता, अंगठा बटणावर तयार. आणखी वाढवला. एवढा आवाज शेजारच्या खोलीतून बोलणाऱ्या माणसाचा असतो. आणखी वाढवला, एवढा रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नचा. हेडफोनमधून फुटून तो मला काचेबाहेर बारीक ऐकू यायला लागला. पायलट तसाच बसला होता. शहाण्या मुलासारखा, पाठ ताठ, भुवया थोड्या वर, आता सुरू होईल म्हणून वाट बघत. यंत्राची शेवटची पायरी आली. त्याच्यापुढे देताच येत नाही.

तो मोठ्याने म्हणाला, “ताई, सुरू कर ना!”

मी यंत्र बंद केलं. दुसरा कागद निघाला. त्यावर फुल्या सगळ्यात खाली, कागदाच्या बाहेर बाण काढलेल्या. मी आत जाऊन त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला.

“सुरू केलंच नाहीस तू,” तो म्हणाला.

“केलं होतं रे राजा.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो त्या छोट्या स्टुलावर खाली वाकला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. मी दारात उभी राहिले. आत दोघांना जागा नसते.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. टेबलावर दोन कागद होते, शेजारी शेजारी. पहिला खोटा नव्हता म्हणा, यंत्रानेच काढलेला होता. मी त्यात एक अक्षर घातलं नव्हतं. त्याने पहिल्यावर बोट ठेवलं.

“हा दे.”

“अरे...”

“एकशे बारा तास, ताई. दीड महिना. नोकरी मिळाली की मी स्वतः सांगतो कान गेला म्हणून. नोकरीत असलं की विमा असतो, कंपनी बघते. आता गेलो तर काहीच नाही. बाबांचं दुकान गेलं ते फुकट गेलं. तू फक्त शिक्क्याच्या गठ्ठ्यात ठेव. तू काही करूच नकोस.”

“कॅप्टन काय बोलतात ते ऐकू येतं तुला?”

“हेडफोनमधून येतं.”

“आणि हेडफोन काढलेला असला, बंद पडला तर?”

“ओठ बघतो.”

“अंधारात?”

तो पहिला कागद माझ्याकडे सरकवायला लागला.

“पायलट, अंधारात काय बघतोस?”

“तू थेंब टाक म्हणालीस,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “तू म्हणालीस जा. तेव्हा नाही विचारलंस काही.”

खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणावर? मी त्याच्या हातापाया पडले असते तरी तो कान परत येणार नव्हता, आणि मला एवढंच दिसत होतं की एकशे ऐंशी माणसं पिशव्या वर ठेवून बसली आहेत आणि पुढे हा ओठ शोधतोय. मी पहिला कागद घेतला आणि फाडला. एकदा फाडून भागेना, बारीक बारीक तुकडे करेपर्यंत फाडत बसले. तो बघत होता. मग त्याने कोट उचलला आणि भिंतीच्या कडेने चालत गेला. तीन वाजता डॉक्टर आले, त्यांनी दुसऱ्या कागदावर न बघता शिक्का मारला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. कंपनीने चार दिवसांत त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली. राहिलेल्या तासांचं काय, असं विचारलं तर करारातलं बारीक अक्षर दाखवलं. त्या दुसऱ्याचाच एकदा फोन आला होता, गणवेशाचा कोट विकायचा आहे का म्हणून. आता पायलट बाबांबरोबर लिफ्टच्या कामाला जातो. बाबा त्याला लिफ्टच्या टपावर चढू देत नाहीत, मध्येच तोल जातो. तो खाली उभा राहून वर बॅटरी धरतो. बाबा डावीकडून हाक मारतात, याला ऐकू येत नाही, मग बाबा पान्याने लोखंडावर ठोकतात. आईने कॅलेंडर अजून बदललेलं नाही. त्यावर तीनशे अठ्ठ्याऐंशी आहे.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

कागद फाडला त्याच संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. मी त्याच्या शेजारी बसले, नेहमीसारखी. आईने वाढता वाढता विचारलं, “मग परत कधी जायचंय? किती राहिले आता?”

“संपलं, आई,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. कान, चक्कर, आजीची रजा, आजचा कागद. खाली मान घालून, एका दमात. बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, “पण तुला माहीत नव्हतं का रे? सर्दी असताना उडायचं नाही, हे तर आपली ताई रस्त्यावरच्या माणसालाही सांगते.”

“मला पण सांगितलं होतं तिने,” तो म्हणाला. “त्या सकाळी मी फोन केला होता. नको जाऊस म्हणाली. ओरडलीसुद्धा. मी ऐकलं नाही.”

मी त्याच्यासाठी एक कागद गठ्ठ्यात सरकवला नव्हता. आणि त्याने माझ्यासाठी हे केलं, आईबाबांच्या तोंडावर, पापणीही न हलवता.

मी त्याच्याकडे झुकले आणि म्हणाले, “नाही रे. मी जा म्हणाले होते.” हळू आवाजात म्हणाले. आई पदर तोंडाला लावून रडत होती, तिला ऐकू गेलं नाही. बाबा उठून बेसिनपाशी गेले होते. आणि मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

त्याने वळूनही बघितलं नाही. त्याचं त्याचं जेवत राहिला.

तेच मी पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायला हवं होतं. एवढ्या तेवढ्यावरून घर डोक्यावर घेणारी बाई मी, मला काय कठीण होतं? दोन वर्षं झाली. आई अजून येईल त्याला सांगते, “आमच्या पायलटने ताईचं ऐकलं असतं तर आज कॅप्टन झाला असता.” मी तिथेच असते. चहाचे कप उचलते आणि आत जाते.